आत्याच्या गिटारची मान उतरवली तेव्हा

आत्याच्या गिटारची सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) ३.६ मिलिमीटर वर होती. माझ्या हाताला हीच तार अडीच मिलिमीटरवर बरी वाटते. मधला एक मिलिमीटर ऐकायला किरकोळ आहे, पण तेवढ्या उंच तारांवर एफचा बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सहाही तारा दाबायचा कॉर्ड, पाच मिनिटं धरून बघा, मनगटापर्यंत कळ जाते. आत्या सदुसष्टची आहे, बोटांचे सांधे थंडीत धरतात. तिने गिटार गवसणीत घालून कपाटावर चढवली आणि म्हणाली, "आता नाही गं जमत." दोष आपल्या बोटांचा आहे असं ती दोन वर्षं धरून चालली होती. मला याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

गिटार तिने १९८६ साली मुंबईत, हॉटेलात वाजवणाऱ्या एका वादकाकडून जुनीच घेतली होती. आतली चिठ्ठी तेव्हाही नव्हती, त्यामुळे बनवणारा कोण हे आम्हाला कधीच कळलं नाही. समोरची फळी स्प्रूसची, बाजू आणि पाठ बहुधा महोगनीची, फिंगरबोर्ड, म्हणजे जिथे बोटं दाबतात ती पट्टी, शिसवाचा. सांगलीच्या शाळेत एकवीस वर्षं तिने या गिटारवर मुलांना गाणी शिकवली. माझे पहिले तीन कॉर्डही हिच्यावरचेच.

सहा वर्षांपूर्वी ती वाजवायला जड जायला लागली तेव्हा मीच ती एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेली होती. त्यांनी सॅडल, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती छोटी पट्टी, घासून खाली केलं, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (मानेच्या) आतली सळई, पिळला, आणि नेकच्या टाचेपाशी केसाएवढी फट दिसत होती तिथे बाहेरून एक लांब स्क्रू मारून वर इपॉक्सी गोंद भरला. टाच म्हणजे नेकचा तो जाड, खाली उतरत गेलेला भाग, जिथे ती बॉडीला टेकते. दोन दिवसांत गिटार परत मिळाली, तारा खाली आलेल्या होत्या, मी खूश झाले. मात्र आवाज पातळ झाला होता. तो तारांच्या जुनेपणामुळे असेल असं मी स्वतःला समजावलं. दीड-दोन वर्षांत तारा पुन्हा वर आल्या, आणि आता घासायला सॅडल फारसं उरलं नव्हतं. जाड बाजूला ते ब्रिजच्या, म्हणजे समोरच्या फळीवर तारा बांधायच्या लाकडी पट्टीच्या, वर जेमतेम अडीच मिलिमीटर दिसत होतं.

नेमकं काय बिघडतं ते सांगते. मला स्वतःला ते समजायला फार उशीर झाला. बारा नंबरच्या संचातल्या (ज्यात पहिली तार ०.०१२ इंच जाड असते) सहा तारा मिळून गिटारला साधारण सत्तर किलोंच्या जोराने ओढत असतात, रात्रंदिवस, कुणी वाजवो न वाजवो. त्या ओढीखाली वर्षानुवर्षं बॉडी हळूहळू दुमडते. मधल्या गोल भोकाच्या आसपासची फळी खचते, ब्रिजच्या मागे ती फुगते, आणि आतला लाकडी ठोकळा, ज्यात नेक रोवलेली असते, तो पुढे कलतो. नेक स्वतः सरळच राहते. माणूस पोक काढून बसला की मान ताठ असली तरी खांदे पडलेले असतात ना, तसं. ट्रस रॉड नेकच्या आतला बाक काढतो. नेक बॉडीला कुठल्या कोनात जोडली आहे यावर त्याचा काडीचाही अधिकार चालत नाही. त्यामुळे कोन गेलेल्या गिटारचा ट्रस रॉड पिळत राहणं म्हणजे पोक असलेल्या माणसाच्या मानेला पट्टा बांधणं.

मोजायला लांब पोलादी पट्टी पुरते. ती फ्रेटांच्या माथ्यांवर ठेवायची आणि ब्रिजकडे सरकवायची. कोन ठीक असेल तर पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला हलकेच चाटून जातं. माझी पट्टी ब्रिजच्या माथ्यापासून चार मिलिमीटर खाली जाऊन अडली. म्हणजे नेक उतरवून, टाचेचं लाकूड कोरून, पुन्हा योग्य कोनात बसवणं एवढा एकच उपाय होता. याला सगळे नेक रीसेट म्हणतात.

भीती वाटली नाही असं नाही. नेक उतरवायची म्हणजे काय हे मला फक्त माझ्या इलेक्ट्रिक गिटारवरून माहीत होतं, आणि तिथे ते काम दहा मिनिटांचं असतं. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५० साली त्याने इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली तेव्हा नेक चक्क चार स्क्रूंनी बॉडीला आवळली. नेक खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा, जसा रेडिओचा व्हॉल्व्ह बदलतो. लोक याला बोल्ट-ऑन म्हणतात, पण बोल्ट त्यात नसतातच, लाकडाचे साधे स्क्रू असतात. माझी गिटार त्याच घडणीची. तिच्या नेकच्या खोबणीत कुणीतरी कोन बदलण्यासाठी एका टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा सारला होता. इंटरनेटवर वाचून माझी खात्री पटली की या पुठ्ठ्यामुळे नेक आणि बॉडीमध्ये पोकळी राहते आणि आवाज मरतो. मी मेपलची, एका बाजूला निमुळती होत गेलेली पूर्ण मापाची पाचर बनवून बसवली. आवाज भरदार झाला असं मला वाटलं. मग भावाने माझ्या कानाची परीक्षा घेतली: पुठ्ठ्याच्या आणि पाचरेच्या रेकॉर्डिंगमधले दहा तुकडे त्याने उलटसुलट लावले. मी सहा ओळखले, चार चुकले. नाणं उडवून कौल लावला असता तरी एवढंच जमलं असतं.

त्या दिवसापासून मी सांध्याबद्दलची ठाम विधानं जपून ऐकते. चिकटवलेल्या नेकची गिटार जास्त वेळ घुमते, हे मी शिकत होते तेव्हापासून ऐकत आले. उदाहरण नेहमी एकच, गिब्सन लेस पॉल, जी १९५२ पासून चिकटवलेल्या नेकची आहे, आणि समोर फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर. पण या दोघींत सांधा हा फरकांमधला एक फरक आहे. एकीची तार पावणेपंचवीस इंची, दुसरीची साडेपंचवीस. लाकडं वेगळी, पिकअप वेगळे, ब्रिजची घडण पूर्ण वेगळी. एवढं सगळं बदलून झाल्यावर श्रेय मात्र डिंकाला द्यायचं, हे मला पटत नाही. माझ्या गिटारवर तिसऱ्या तारेचा एक स्वर लवकर विझतो. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला, सुताराचा छोटा क्लॅम्प लावला की विझणारा स्वर एक घर सरकतो. म्हणजे नेक तिच्या सगळ्या लांबीने आणि वजनाने थरथरते आहे, आणि तारेची शक्ती पिऊन टाकते आहे. या सगळ्यात सांध्याचा वाटा असणारच. तो किती, हे मला तोवर तरी कुणी दाखवून दिलं नव्हतं.

आत्याच्या गिटारचा सांधा अकूस्टिक गिटारांमध्ये जुना आणि मानाचा, डव्हटेल. टाचेच्या मागे कबुतराच्या शेपटासारखा पसरट होत गेलेला कुसू असतो, तो ठोकळ्यातल्या तशाच खाचेत वरून खाली उतरतो. तारा जितक्या ओढतील तितका तो घट्ट बसतो. एकदा आत सरस घातला की बाहेरून कळतही नाही की इथे दोन तुकडे आहेत. म्हणूनच तो सुंदर दिसतो, आणि म्हणूनच तो उघडायला कुणी सहसा तयार होत नाही. पुण्यात दोघांनी नाही म्हटलं. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "स्क्रू आणि इपॉक्सी बघूनच मी हात लावणार नाही."

मिरजेचं नाव माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं. सांगलीपासून दहा किलोमीटर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून दीडशेहून जास्त वर्षं तिथे सतारी आणि तानपुरे बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी गिटारवाली. सतारमेकर गल्लीत माझं काय काम, असं मला वाटायचं. आत्याच म्हणाली, "दांडी आणि भोपळ्याचा सांधा सुटला की तेच लोक बसवतात ना? विचारून तर बघ."

ज्यांच्याकडे गेले त्यांना गल्लीत सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. वडिलांपासून सतारीचं काम. गेली पंधराएक वर्षं कॉलेजची मुलं गिटार घेऊन येतात म्हणून तेही करतात. त्यांच्या तोंडी नेक नाही, दांडी. ब्रिज म्हणजे घोडी. त्यांनी गिटार आडवी धरून टाचेकडे एक डोळा मिटून बघितलं, स्क्रूवर नख वाजवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ताई, हा खिळा कुणी मारला?"

मी सांगितलं.

"सांधा ढिला झालाय म्हणून आवळला. पण सांधा ढिला नव्हताच, पेटी पुढं कललीय. कललेल्या भिंतीला खिळा मारून काय होतंय?"

मग एक पातळ, बोथट सुरी मेणबत्तीवर गरम करून त्यांनी फिंगरबोर्डचं बॉडीवर टेकलेलं टोक जरासं उचललं, सुरीला लागलेला तपकिरी कण ओल्या बोटाने चोळला आणि नाकाशी नेला. "सरस आहे. मूळ बनवणाऱ्यानं उघडता येईल असं बनवलंय." सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनणारा तो जुना गोंद. ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो, आणि हाच त्याचा मोठा गुण. सतारीत दांडी आणि भोपळ्याचा सांधा तारांच्या ओढीने कधी ना कधी खचतोच, आणि तो उघडून पुन्हा बसवणं हे चाचांच्या घराण्यात नेहमीचं काम. वाद्य बनवतानाच त्याच्या पुढच्या दुरुस्तीची सोय करून ठेवायची, हे त्यांना इतकं उघड वाटतं की त्यावर ते बोलतही नाहीत.

काम दिवाळीनंतर करायचं ठरलं, कारण हवा कोरडी हवी. मी रजा काढून रोज जायचं आणि मदत करायची, ही माझी अट होती. त्यांनी ती जरा नवलाने मान्य केली.

पहिला दिवस स्क्रू काढण्यात गेला. इपॉक्सी वाफेला दाद देत नाही, पण पुरेशा उष्णतेने मऊ पडतो. चाचांनी सोल्डरिंगची तापवलेली लोखंडी कांडी स्क्रूच्या डोक्यावर धरून ठेवली. दर दोन मिनिटांनी स्क्रू फिरतो का बघायचं, नाही फिरला की पुन्हा कांडी. जवळजवळ तासाभराने तो कुरकुरत निघाला. चार इंच लांब. त्याच्या वाटेत महोगनीला एक चीर पडली होती, जी आधी नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाफ. पंधरावा फ्रेट का काढतात हे मला माहीत नव्हतं. चौदा फ्रेटांवर बॉडीला मिळणाऱ्या गिटारमध्ये कुसूच्या टोकापलीकडे, ठोकळ्याच्या खाचेत जी थोडी पोकळी राहते ती बरोबर या फ्रेटच्या खाली येते. तो काढून त्याच्या खाचेत दोन मिलिमीटरची दोन भोकं पाडली की थेट पोकळीत पोचता येतं, आणि काम झाल्यावर फ्रेट परत बसवला की भोकं झाकून जातात. वाफेसाठी प्रेशर कुकर, त्याच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई. गिटारची समोरची बाजू पुठ्ठा आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइलने झाकली, कारण वाफ लागली की पॉलिशवर पांढरे डाग उमटतात. फिंगरबोर्डचं टोक आधीच इस्त्रीच्या उबेवर, सुरी सारत सारत मोकळं केलं होतं.

माझं काम टाच धरायचं होतं, जाड हातमोजे घालून. सुईतून वाफ आत जाऊ लागली. पाच मिनिटं काहीच झालं नाही. टाचेच्या कडेने तपकिरी पाणी ओघळायला लागलं आणि खोलीभर तो ओल्या कातड्यासारखा वास पसरला. चाचा टाचेखाली लाकडाचा ठोकळा धरून हलके हलके वर रेटत होते. बाराव्या मिनिटाच्या सुमारास माझ्या हातात काहीतरी सैल झालं. आवाज असा फारसा झाला नाही, चिखलातून पाय काढावा तसा. मग नेक सरळ वर आली, कुसूसकट, ओलीचिंब, आणि मी आत्याच्या गिटारचे दोन तुकडे दोन हातांत धरून उभी होते.

आत बघितल्यावर जे दिसलं त्याने मात्र मी गप्प झाले. मूळ सांधा अप्रतिम होता. कुसूच्या दोन्ही गालांवर पटाशीचे बारीक, एकसारखे ठसे, सरसाचा पातळ थर, पोकळी कुठेच नाही. आणि खाली टाचेच्या टोकाशी इपॉक्सीचा पिवळट गोळा, जो लाकडाला धरून होता पण लाकडाशी एकजीव कुठेच नव्हता. त्याच्यामुळे टाच बॉडीवर नीट टेकतच नव्हती. तो चाचांनी खरवडून काढला, चीर सरसाने भरली, स्क्रूच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली आणि नेक आठ दिवस सुकायला टांगली.

आता गणित. ब्रिजवर चार मिलिमीटर उंची हवी आहे. टाचेची उंची ८८ मिलिमीटर. चौदाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत अंतर २८९ मिलिमीटर. चाराला अठ्ठ्याऐंशीने गुणा, दोनशे एकोणनव्वदने भागा: १.२. म्हणजे टाचेच्या अगदी खालच्या टोकाला १.२ मिलिमीटर लाकूड काढायचं, आणि वर फिंगरबोर्डपाशी शून्य. नखाच्या जाडीचं हे काम दोन दिवस चाललं. चाचांनी कागदावर काही मांडलं नाही. त्यांनी ब्रिजवर सुपारीचा एक तुकडा ठेवला, चार मिलिमीटर जाड, नेक हाताने जागेवर धरून दोरा ताणला, आणि टाचेवर पेन्सिलने रेघ मारली. माझी रेघ आणि त्यांची रेघ एकमेकींवर बसल्या. मला फार आनंद झाला. त्यांना अर्थातच त्यात काही विशेष वाटलं नाही.

टाचेचा मधला भाग पटाशीने आत पोकळ करायचा आणि टेकणारी कड तेवढी ठेवायची. मग नेक खाचेत घालून, टाच आणि बॉडी यांच्यामध्ये पॉलिश पेपरची पट्टी ठेवून ती खेचायची, म्हणजे टाचेची कड बॉडीच्या गोलाईशी तंतोतंत मिळते. एका बाजूने दोनदा खेचली तर दुसऱ्या बाजूनेही दोनदा, नाही तर नेक तिरकी होते आणि पहिली तार फिंगरबोर्डच्या कडेवरून घसरते. लाकूड गेलं की कुसू खाचेत ढिला पडतो, म्हणून गालांवर पातळ पाचरी चिकटवायच्या आणि त्या पुन्हा घासत न्यायच्या. कुठे टेकतंय ते बघायला मध्ये कार्बन पेपर. आत घाला, काढा, निळा डाग बघा, तेवढाच घासा. मी मोजत होते, एकतीस वेळा. त्यातल्या शेवटच्या दहा वेळा चाचांनी पटाशी माझ्या हातात दिली. एकदा मी जास्त घासलं आणि पाचर काढून नवी लावावी लागली. ते रागावले नाहीत. "लाकूड काढायला मिनिट लागतंय, लावायला दिवस," एवढंच म्हणाले.

कोन बदलला की आणखी एक गोष्ट घडते, जी घाईच्या कामात सुटते. फिंगरबोर्डचं बॉडीवरचं टोक फळीपासून उचललं जातं. आमच्या बाबतीत शेवटी एक मिलिमीटरहून थोडी जास्त फट आली. ती तशीच दाबून चिकटवली तर चौदाव्या फ्रेटनंतर फिंगरबोर्ड उतरणीला लागतो. चाचांनी शिसवाची निमुळती पट्टी घासून फिंगरबोर्डखाली सारली. आता बारकाईने बघितलं तरी ती दिसत नाही.

आणि मग तो प्रयोग, ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

सरस लावायच्या आधी चाचा म्हणाले, "कोरडाच वाजवून बघू." डव्हटेल नीट बसला असेल तर तो गोंदाशिवायही तारांचा ताण पेलतो, हे मी वाचलं होतं, पण आपल्या गिटारवर तसं करायला छाती लागते. आम्ही सहाही तारा चढवल्या, सुरात लावल्या. सांध्यात गोंदाचा थेंब नाही. नेक हलली नाही. मी G कॉर्ड वाजवला. पंचवीस वर्षांपूर्वी आत्याच्या मांडीला टेकून ऐकलेला आवाज मला त्या खोलीत ऐकू आला, खालच्या तारांना वजन, वरच्या तारांना धार. मी फोनवर रेकॉर्ड केलं, फोन स्टुलावर, गिटारपासून दोन हातांवर. गिटार आणण्यापूर्वीही मी नव्या तारा लावून असंच रेकॉर्ड केलं होतं. नंतर सरस लावून, सुकवून, त्याच तारांवर, त्याच स्टुलावरून तिसरं रेकॉर्डिंग केलं.

पहिलं आणि दुसरं यांच्यातला फरक माझ्या आईलाही कळला, जिला सूर लागला-न लागला एवढंच कळतं. दुसरं आणि तिसरं मला वेगळं करता आलं नाही, भावाला नाही, आत्यालाही नाही.

यातून मी काय समजले ते सांगते. आवाज परत आला त्याचा मोठा भाग कोनाचा आहे. नेकचा कोन सुधारल्यामुळे सॅडल पुन्हा उंच ठेवता आलं, अडीचाचं सव्वाचार मिलिमीटर. तारा सॅडलवरून जास्त तीव्र उताराने खाली जातात, त्या सॅडलला जोराने दाबून धरतात आणि फळीला जास्त हलवतात. मागच्या दुरुस्तीत सॅडल घासल्यावर आवाज पातळ झाला होता तो याचमुळे. उरलेला भाग टेकण्याचा: टाच बॉडीवर पूर्ण टेकते आहे, कुसू गालागालाने बसला आहे. कशाने धरलं आहे, सरसाने, स्क्रूने की नुसत्या ओढीने, याचा हिशोब त्यानंतर येतो आणि माझ्या कानाला तो लागत नाही. सांधा कुठला आहे याने फरक पडतो तो मुख्यतः चाळीस वर्षांनी, जेव्हा तो उघडायची वेळ येते. तेव्हा मात्र सगळा फरक त्यानेच पडतो.

उघडता येण्याचा विचार काही नवा नाही. गिटार बनवणारा सी. एफ. मार्टिन, ज्याने १८३३ मध्ये अमेरिकेत आपलं दुकान काढलं, तो व्हिएन्नात योहान श्टाउफरच्या हाताखाली तयार झाला होता. श्टाउफरच्या गिटारांच्या टाचेत एक स्क्रू असायचा आणि घड्याळाच्या किल्लीसारख्या किल्लीने नेकचा कोन घरबसल्या बदलता यायचा. पुढे डव्हटेल रुळला आणि ती किल्ली मागे पडली. १९७४ मध्ये सुरू झालेल्या टेलर या अमेरिकन कंपनीने अकूस्टिक गिटारची नेक बोल्टने लावली तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. १९९९ मध्ये त्यांनी नेकखाली ठरावीक मापांच्या निमुळत्या पाचरी घालायला सुरुवात केली. पाचर बदलली की कोन बदलला. आम्हाला ज्याला तीन आठवडे लागले ते काम तिथे चहा निवेपर्यंत होतं. मला डव्हटेल मनापासून आवडतो, तो कार्बन पेपर आणि त्या एकतीस फेऱ्या मी आयुष्यात विसरणार नाही. तरी आज कुणी नवी अकूस्टिक घेताना विचारलं तर मी आधी नेक कशी काढता येते ते विचारायला सांगते.

कारण याच्या उलटही मी त्याच खोलीत बघितलं. एक मुलगा क्लासिकल गिटार घेऊन आला होता, तिचाही कोन गेलेला. स्पॅनिश घडणीत टाच आणि आतला ठोकळा मिळून एकच असतात, गिटारच्या बाजू थेट टाचेतल्या चिरांमध्ये घातलेल्या असतात. नेक आधी, बॉडी तिच्याभोवती. काढायला सांधाच नाही. नायलॉनच्या तारांची ओढ कमी असल्यामुळे त्या गिटारांचं सहसा निभावतं. निभावलं नाही तर पाठीची फळी सोडवून टाच सरकवावी लागते, किंवा फिंगरबोर्ड रंधून निमुळता करावा लागतो. चाचांनी ती गिटार दोनदा उलटीपालटी केली आणि मुलाला सॅडल थोडं घासून दिलं, पैसे घेतले नाहीत. "पुढच्या वेळी मात्र पाठ उघडावी लागेल बेटा, घरी विचारून ये."

सरस लावायचा दिवस मी आत्यालाही घेऊन गेले. सरसाचे दाणे रात्री भिजत घातलेले, सकाळी वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवलेले. उकळू द्यायचा नाही, बोट जेमतेम सोसवेल इतपतच तापवायचा, नाही तर त्याची धरच जाते. टाच आणि खाच आधी शेकून घ्यायची, कारण थंड लाकडावर सरस मिनिटभरात गोठतो. लावणं, घालणं, क्लॅम्प आवळणं, सगळं एका दमात. आत्या स्टुलावर बसून बघत होती आणि एक शब्द बोलली नाही.

नेक आत जाण्यापूर्वी चाचांनी कानावरची पेन्सिल काढून खाचेच्या तळाशी, जिथे सरस लागत नाही, तिथे काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. तारीख होती, खाली १.२, आणि त्याखाली 'सरस'. पुढे कधी कुणी उघडेल त्याच्यासाठी.

फ्रेट घासणं, नवं सॅडल, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा या कामांना आणखी चार दिवस गेले. सगळ्याचे मिळून साडेसहा हजार झाले. ते सांगायलाही चाचांना संकोच वाटत होता.

आत्याने घरी आल्यावर गिटार मांडीवर घेतली आणि आधी एफच धरला. तर्जनी पूर्ण आडवी, सहाही तारा. तिने तो सावकाश, एकेक तार छेडत वाजवला, सगळे स्वर स्वच्छ येत आहेत का बघत. मग हात झटकला आणि म्हणाली, "म्हणजे माझी बोटं ठीक होती."

बाराव्या फ्रेटपाशी सहावी तार त्या दिवशी २.५ मिलिमीटर होती. जुलैत, हवा ओली असताना, २.७ झाली. पावसात फळी फुगते, तेवढं चालायचंच. ऑक्टोबरात पुन्हा मोजली, २.५.